नाव बरोबर, पैसे दुसरीकडे

राबोडीत राहणाऱ्या माणसाचे खाते नौपाड्यात का, असे शाळेतले सहकारी मला अधूनमधून विचारतात. घराजवळ बँका नाहीत असे नाही. अब्बा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि कारखान्याने कामगारांची खाती नौपाड्यातल्या एका शाखेत उघडून दिली होती. पुढे कारखाना बंद पडला, पण अब्बांनी खाते हलवले नाही. मी बी.एड. करून नोकरीला लागलो तेव्हा मलाही त्यांनी तिथेच नेऊन उभे केले. जांभळी नाक्यावरून तलावपाळीला वळसा घालून गोखले रोडला लागायचे, ही वाट मी अब्बांचे बोट धरून चाललेलो आहे.

लहानपणी त्या शाखेत मला एक गंमत वाटे. पैसे भरायच्या स्लिपवर मराठीत छापलेले असे : तारीख, रक्कम, जमा, बाकी. मी उर्दू शाळेत शिकणारा मुलगा. मराठी अजून कच्ची होती, पण ही स्लिप मात्र मला सगळी कळायची. हे तर आमचेच शब्द, असे वाटून मी उगाच ताठ उभा राहत असे. आता वर्गात मराठीतले अरबी-फारसी शब्द शिकवायचे असले की मी बँकेची स्लिपच फळ्यावर काढतो. मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

माझे धाकटे चाचा तेव्हा कुवेतला होते. दोन-तीन महिन्यांनी त्यांचा ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने येई. पाकिटाला हात लावण्याआधी अम्मी हात पुसून घेई. ड्राफ्टवर अब्बांचे नाव टाइप केलेले असे आणि सगळा खेळ त्या नावावर. एकदा तिकडच्या टायपिस्टने आडनावात एक अक्षर जास्त घातले. शेख हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात हे आपल्याला सांगायला नको. एका घरातल्या तीन भावांची तीन स्पेलिंगे असतात. ड्राफ्ट अडला. काउंटरवरचे काका अब्बांना कित्येक वर्षे ओळखत होते, तरी म्हणाले, "शेखसाहेब, माणूस तुम्हीच आहात हे मला माहीत आहे, पण कागदाला माहीत नाही." ड्राफ्ट परत कुवेतला गेला, दुरुस्त होऊन आला. त्यात दीड महिना गेला. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा ड्राफ्टच काय, चाचांचाही ठावठिकाणा लागेना. ते अम्मानमार्गे विमानाने परत आले. त्यावर कधीतरी वेगळे लिहीन. इथे सांगायचे ते इतकेच की त्या काळी नावातल्या एका अक्षरावरून पैसा अडत असे.

आता पैसा नावाकडे पाहतच नाही. ही गोष्ट मला ४२,००० रुपयांना कळली.

आधी थोडे त्या कोडविषयी. आयएफएससी म्हणजे बँकेच्या एका शाखेचा अकरा अक्षरी पत्ता. पहिली चार अक्षरे बँकेची. स्टेट बँकेची एस-बी-आय-एन, बँक ऑफ महाराष्ट्रची एम-ए-एच-बी, अशी. पाचव्या जागी नेहमी शून्य, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवलेले. शेवटची सहा अक्षरे किंवा आकडे शाखेचे. गावाच्या किंवा मोहल्ल्याच्या नावावर हा पत्ता विसंबून नाही, हे बरेच झाले. कारण नौपाडा काय एकच आहे? ठाण्यात आहे, वांद्र्याला आहे, कुर्ल्याला आहे, आणि आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात या नावाचे रेल्वे जंक्शनसुद्धा आहे. इंग्रजीत ते लिहिताना प्रत्येक जण आपापले स्पेलिंग करतो. कोड मात्र एका शाखेचा एकच.

शाळेत हा कोड माझ्याच गळ्यात पडला. अल्पसंख्याक मुलांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे काम दरवर्षी वर्गशिक्षकांकडे असे. लहान वर्गातल्या मुलाला वर्षाला हजार रुपये. बाहेरच्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. पण त्या हजार रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडवून, काखेत पासबुक मारून आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. (२०२२ पासून आठवीपर्यंतच्या मुलांची ती शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली. मोफत शिक्षणाचा कायदा आहे, मग शिष्यवृत्ती कशाला, असे कारण दिले गेले. वह्या, दप्तर, रिक्षा यांना तो कायदा लागू होत नाही, हे कारण देणाऱ्यांना कुणी सांगितले नसावे.)

त्या अर्जांवर मी सगळ्या तऱ्हेच्या चुका पाहिल्या. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिणे ही सगळ्यात मोठी. काही बँका म्हणूनच कोडपुढे छापतात की पाचवे अक्षर शून्य आहे. दुसरी चूक म्हणजे धनादेशाच्या तळाशी असलेला नऊ आकडी एमआयसीआर उतरवून आणणे. तोही शाखेचाच क्रमांक, पण तो धनादेश वटवण्याच्या कामाचा : पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. तिसरी चूक सर्वात निरागस. एका मुलीने कोडच्या रकान्यात आपल्या घराचा पिनकोड लिहून आणला होता. कोड म्हटल्यावर तिला तोच ठाऊक. मी हे सगळे दुरुस्त करीत असे. इतर शिक्षकही अर्ज माझ्याकडे तपासायला देत. 'शेख सरांनी बघितलंय ना, मग ठीक' असे म्हटले जाई, आणि खोटे कशाला सांगू, मला ते आवडत असे.

जुलै २०२१. दुसरी लाट ओसरली होती, बकरी ईद बुधवारी २१ तारखेला होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. वडील रिक्षा चालवतात, हृदयाचे दुखणे निघाले, इस्पितळात अनामत भरायची आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे. दोन दिवसांत ४२,००० रुपये जमले आणि ते माझ्या खात्यात आले, कारण सरांच्या खात्यात असले म्हणजे ठीक. त्या मुलाच्या घरी बँकखाते एकट्या त्याच्या अम्मीच्या नावावर. तिच्याकडे साधा फोन, यूपीआय वगैरे काही नाही. मुलाने पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

पासबुक जुने होते आणि बँक विलीन झालेली होती. तुम्हाला आठवत असेल, १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोद्यात गेल्या. बरोबर वर्षाने सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. पाट्या बदलल्या तरी जुने कोड काही काळ चालू ठेवले होते. देना-विजयाचे कोड २०२१ च्या मार्चपासून बंद झाले, सिंडिकेटचे त्याच वर्षी १ जुलैपासून. आमच्या मोहल्ल्यात पासबुक बदलून घ्यायला कोण जाते? लोकांच्या कपाटात बंद पडलेल्या कोडांची पासबुके तशीच होती.

शनिवारी, १७ तारखेला संध्याकाळी, मी मोबाइलवरून एनईएफटी केले. कोड पासबुकावरचा, म्हणजे मेलेला. दीडेक तासात पैसे माझ्या खात्यात परत. यात घाबरण्यासारखे काही नसते. ज्या बँकेत पैसे गेले तिला ते खात्यात घालता आले नाहीत, तर तो हप्ता निपटल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे असा नियमच आहे. माझ्या लगेच लक्षात आले. नवा कोड शोधला, नव्याने लाभार्थी म्हणून नोंद करायला घेतली. मगरिबची अजान झाली होती, मुलाचे दोन फोन येऊन गेले होते, मी घाईत होतो. खातेक्रमांक ॲप दोनदा लिहायला लावते. मी एकदा लिहिला आणि दुसऱ्या रकान्यात तोच चिकटवला. नाव नीट लिहिले, फोटोतल्यासारखे, अक्षर न अक्षर. कोड तीनदा ताडून पाहिला. पैसे गेले, 'यशस्वी' असे हिरव्या रंगात आले. त्याचा फोटो गटात टाकला. पुष्कळ दुआ आल्या.

रात्री अकरा वाजता मुलाने विचारले, "सर, अजून आले नाहीत."

तेव्हा मी खातेक्रमांक वाचला. मधल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती.

पहिली चूक कोडची होती, ती यंत्रणेने परत पाठवली. दुसऱ्यांदा कोड अगदी बरोबर होता, आणि तेच नडले. बरोबर कोडने पैसे बरोबर बँकेत नेऊन पोहोचवले आणि तिथे त्या चुकीच्या क्रमांकाचे खरोखरचे एक खाते होते. कोड चुकला तर बहुतेक वेळा दोनपैकी एक होते : दुसऱ्या बँकेत तो खातेक्रमांक सापडत नाही आणि पैसे परत येतात, किंवा बँक तीच, फक्त शाखा दुसरी, तर खातेक्रमांक साऱ्या बँकेत एकच असल्याने पैसे अनेकदा जागेवरच पडतात. खातेक्रमांकाच्या चुकीला अशी सवलत नाही. इतकी वर्षे मी मुलांच्या अर्जावर कोडचे शून्य तपासत बसलो होतो. खातेक्रमांक मात्र पालकांनी लिहिला तसा सोडून देत होतो.

दुसरा दिवस रविवार. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालते. पैसा जायला रविवार नसतो. पण गेलेला पैसा परत आणणारा माणूस सोमवारीच येतो. तो रविवार कसा गेला ते विचारू नका.

सोमवारी दहा वाजता मी नौपाड्यात शाखेच्या दारात उभा. ते जुने काका केव्हाच निवृत्त झाले. आता तिथे एक तरुण मॅडम आहेत. मी त्यांना मोबाइल दाखवला आणि म्हणालो, "पण मॅडम, नाव तर बरोबर आहे. नाव जुळत नसताना पैसे जमा झाले कसे?"

"सर, नाव कोण बघतंय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, रोज चार वेळा सांगावे लागते असा सूर होता. त्यांनी एनईएफटीचा छापील अर्ज पुढे सरकवून बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवले. रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा होईल, लाभार्थीच्या नावाची पडताळणी होणार नाही. रिझर्व्ह बँकेनेच ऑक्टोबर २०१० मध्ये तसे स्पष्ट केलेले आहे, खातेक्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. मी तो अर्ज आयुष्यात कितीदा भरला असेल! अब्बांच्या ड्राफ्टवर एक अक्षर जास्त होते म्हणून दीड महिना थांबलेले आम्ही, आणि मी याच इमारतीत उभा राहून 'नाव तर बरोबर आहे' म्हणत होतो.

मॅडमनी अर्ज लिहून घेतला आणि समोरच्या बँकेच्या शाखेला ईमेल केला. आता त्या खातेदाराने संमती दिली तर पैसे परत येणार. बँक त्याच्या खात्यातून आपणहून काढू शकत नाही आणि तो कोण हे मला सांगूही शकत नाही. राग आला, पण विचार केल्यावर पटले. कुणीही उठून 'माझे पैसे चुकून तुमच्याकडे आले' म्हणायचे आणि बँकेने तेवढ्यावर तुमचे खाते उघडायचे, असे असते तर कुणाचेच खाते सुरक्षित राहिले नसते.

इस्पितळाला थांबता येत नव्हते. बायकोने भिशीचे पैसे काढून ठेवले होते, ते आणि थोडे माझे मिळून त्याच दिवशी पुन्हा ४२,००० पाठवले. या वेळी ती आकडे मोठ्याने वाचत होती आणि मी लिहीत होतो, मग मी वाचले आणि तिने पडद्यावर पाहिले. आधी एक रुपया पाठवला. मुलाने फोनवर 'आला' म्हटल्यावर बाकीचे. सूरह अल-बकरातली देण्याघेण्याची लेखी नोंद करायला सांगणारी आयत ही साऱ्या कुरआनातली सर्वात लांब आयत आहे, असे मीच मुलांना शिकवतो. लिहिणारा वेगळा, साक्षीदार वेगळा. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ते झाले. शनिवारी मी एकटाच होतो.

गटाला सांगणे सगळ्यात अवघड गेले. मी दोन तास लिहीत आणि पुसत होतो. शेवटी सरळ लिहिले की शनिवारचे पैसे माझ्या चुकीने दुसऱ्याच्या खात्यात गेले, इस्पितळाचे मी भरले आहेत, पहिले परत आले तर कळवीन. बहुतेकांनी 'सर, काळजी करू नका' म्हटले. एकाने मात्र लिहिले, 'सर, दोन्ही पावत्या पुन्हा पाठवता का?' तो माझा हुशार विद्यार्थी, आता हिशेबाच्याच नोकरीत आहे. मला ते लागले. त्या रात्री मी त्याच्याशी मनातल्या मनात बरेच भांडलो. सकाळी दोन्ही पावत्या टाकल्या, खातेउताऱ्याच्या त्या पानासकट. पैसे त्याचेही होते, त्याने विचारायलाच हवे होते. तरी लागले ते लागलेच.

पैसे ९ ऑगस्टला परत आले. मॅडमना समोरच्या शाखेकडून जे कळले ते त्यांनी मला सांगितले. त्या खातेदाराला बँकेने दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा त्याने शिव्या घालून फोन ठेवला. बँकेतून बोलतो म्हणणारा प्रत्येक जण चोर, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग पासबुक भरून घ्यायला तो स्वतः शाखेत गेला, आपल्या खात्यात एवढी रक्कम पाहून स्वतःच घाबरला आणि तिथल्या तिथे सही करून मोकळा झाला. मला त्याचे नाव माहीत नाही. तो कुठला, कोण, काही नाही. मी त्याच्यासाठी दुआ करतो तेव्हा त्याला खातेक्रमांकानेच आठवतो, कारण तेवढाच माझ्यापाशी आहे.

फोन आपटण्यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्या स्टाफरूममध्ये मी आता हेच सांगतो. पैसे यायचे असतील तर समोरच्याला नाव, खातेक्रमांक, कोड, एवढे पुरे. ही माहिती धनादेशाच्या प्रत्येक पानावर छापलेली असते, ती काही गुपित नव्हे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही; जो मागतो तो तुमचे पैसे नेण्यासाठी मागतो. शाखेचा कोड किंवा फोन नंबर हवा असेल तर इंटरनेटवर पहिला सापडेल तो घेऊ नका. कोड पासबुकावर, धनादेशावर किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहा. फसवणूक झालीच तर लाजत बसण्यापेक्षा त्याच घटकेला १९३० वर फोन करा. तासाभरात कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते. माझ्यासारखी स्वतःची चूक असेल तर १९३० नव्हे, आपली शाखा.

मध्यंतरी एक चांगला बदल झाला. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला बँकांना सांगितले की आरटीजीएस आणि एनईएफटी करणाऱ्याला, पैसे पाठवण्याआधी, लाभार्थीचे बँकेतले नाव दिसले पाहिजे. खातेक्रमांक आणि कोड टाकला की नाव पडद्यावर यावे, आणि तेही फुकट. १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. म्हणजे नाव परत आले. पैसा अजूनही आकड्यावरच चालतो, पण निघण्याआधी तो आपल्याला नाव विचारतो. २०२१ च्या त्या शनिवारी हे असते तर पडद्यावर कुणा परक्याचे नाव आले असते आणि मी थांबलो असतो.

आता आपल्या नावांची जुनी गंमत मात्र पुन्हा सुरू झाली आहे. त्या रिक्षावाल्यांचा मुलगा आता नोकरीला लागला आहे. मागे गटातर्फे एका मुलीच्या फीचे ५,००० रुपये तिच्या अम्मीला पाठवायचे होते, तेव्हा तो म्हणाला, सर, मी पाठवतो, तुम्ही फक्त शेजारी बसा. त्याने क्रमांक लिहिला, दुसऱ्यांदा हातानेच लिहिला, कोड टाकला. पडद्यावर नाव आले ते आधारवरच्या नावाशी जुळेना. 'बी' गायब, आडनाव अर्धे.

"सर, पाठवू?"

मी त्या बाईंना फोन केला. पासबुकावर काय लिहिले आहे ते वाचा, म्हटले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी शेजारच्या मुलीला हाक मारली, तिने एकेक अक्षर वाचून दाखवले. जुळले. तरी मी त्याला म्हटले, आधी एक रुपया.

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"सर, एक रुपया आया है," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, अदबीने, "और बाकी?"